बुद्धिबळात १५०० रेटिंगच्या (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) आसपासचे खेळाडू स्पर्धेत डाव नेमका कुठे हरतात? ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, पाठ करून फायदा होतो का?

माझं रेटिंग १५८०. त्यातले २८० मार्च २०२४ मध्ये फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) २००० खालच्या सगळ्यांना वर उचललं तेव्हाचे, म्हणजे कर्तृत्व फारसं नाही. पण हरण्याचा अनुभव दांडगा, म्हणून लिहितो.

ओपनिंगमध्ये मी क्वचितच हरतो. हरतो ते चौथ्या तासाला. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असा डाव साठ चाली चालला, तर दोघांचे मिळून चार तास सहज जातात.

मागे एका स्पर्धेत समोर अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. शेवटी दोघांचा एकेक हत्ती उरला आणि त्याचं मधलं एक प्यादं जास्त. माझा राजा प्याद्याच्या वाटेत बसलेला, हत्ती माझ्याकडून तिसऱ्या रांगेत. त्यामुळे त्याच्या राजाला पुढे येता येईना. ही फिलिडोरची बरोबरी. या फ्रेंच माणसाने (पोटापाण्याला ऑपेरा रचायचा!) ती १७७७ मध्येच मांडून ठेवली आहे आणि मला ती पाठ होती. करायचं इतकंच: हत्ती तिथेच डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि प्यादं त्या तिसऱ्या रांगेत आलं, की हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. मग मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे राजाला आडोसा उरत नाही.

वीसेक चाली नीट टिकलो. घड्याळात मिनिटभर, त्यात प्रत्येक चाल लिहायची. ३० सेकंद मिळतात तिथे पाच मिनिटांच्या खाली गेलो तरी लिहिण्यातून सुटका नाही. त्याने प्यादं पुढे सरकवलं. आता मात बसेल या भीतीने मी हत्ती मागे, राजाच्या रांगेत आणून ठेवला. हात सुटला आणि लगेच कळलं. पण हात सुटला की चाल झाली. प्यादं अगदी कडेच्या दोन उभ्या पट्ट्यांत असतं तर असं बसूनही डाव वाचतो. मधल्या प्याद्यापुढे नाही.

तेव्हा ओपनिंगच्या पहिल्या आठ-दहा चाली पुरे. उरलेला वेळ हत्तींच्या एंडगेमला, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याला द्या, आणि नुसता वाचू नका. कुणाला तरी समोर बसवून, घड्याळ लावून, दमलेले असताना खेळा.

चालींच्या कागदावर सही झाल्यावर तो मुलगा पटाकडे बघत म्हणाला, "काका, हत्ती माझ्या टोकाला का नाही नेला? मी तर ड्रॉच धरून चाललो होतो."