ब्रेकअपनंतर पोरानं बँड काढला, तर काळजी नेमकी कशाची करायची?

मी सांगलीत समुपदेशन करते, तिथं पालक मला वरचेवर एक प्रश्न विचारतात. मुलाचं प्रेम मोडलं, तो घरात धड बोलत नाही, पण गाणी करतोय, मित्रांबरोबर वाजवतोय. हे सावरणं म्हणायचं की बिघडणं? अशाच एका घराची ही हकिकत, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

मुलगा इंजिनिअरिंगला. मुलीनं नातं संपवलं, त्यानंतर काही आठवडे तो खोलीतच होता. मग एकदम दोन मित्रांना घेऊन बँड उभा केला. एकाच्या काकांचं हळदीचं गोदाम रिकामं होतं, तिथं संध्याकाळी प्रॅक्टिस. आई म्हणाली, "मॅडम, गातंय कुठलं, नुसतं बोंबलतंय हो. आणि सगळं तिच्यावरच. रोज तेच उगाळल्यावर विसरणार कधी?" वडिलांचं दुखणं निराळं. ते मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाची संगीत सभा न चुकवणारे. "अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेला लागून राहतो आपण, आणि घरात हे असलं?" मी म्हटलं, खाँसाहेबांची विरहाची ठुमरी तुम्ही डोळे मिटून ऐकता ना? पोराचा विरह मोठ्या आवाजात आहे, एवढाच फरक. ते हसले नाहीत, पण पुढं ऐकून घेतलं.

मुलाला मी आधी त्याच्या संगीताबद्दलच विचारलं. तो खुलला. याला पॉप-पंक म्हणतात, रॉक संगीताचाच एक प्रकार, म्हणाला. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये रमोन्स नावाच्या बँडच्या चार पोरांनी मोजके कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर), धावती लय आणि लहान लहान गाणी असा पंकचा रस्ता पाडला. १९९४ च्या सुमारास ग्रीन डे या बँडमुळे ते घराघरात गेलं. गिटारवर पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम, एवढं जमलं की सुरुवात होते. शब्द रडके असले तरी चाल उड्या मारणारी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. वर्षानुवर्षं रियाज नसलेल्या, आतून मोडलेल्या पोराला आठवडाभरात काहीतरी पुरं करता येतं. शिवाय ड्रमवाला सहाला येणार म्हटल्यावर यालाही अंथरुणातून उठून, तोंड धुऊन निघावंच लागतं.

मग मी झोप, जेवण, कॉलेज विचारलं. जगू नये असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. या प्रश्नानं तसला विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. त्याच्या मनात तसं नव्हतं. असतं, तर बँडची चर्चा बाजूला ठेवून मी त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरात अशी शंका आली तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीअपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, कारण तो खरा होता. दुःख मांडणं आणि दुःख उगाळणं यांत फरक आहे. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ पासून दाखवून दिलं की मनाला लागलेल्या गोष्टीवर काही दिवस मोकळेपणानं लिहिलं तर बऱ्याच जणांना फायदा होतो. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी दुसरी बाजू दाखवली: 'माझ्याच वाट्याला का' हे त्याच जागी घोळत राहिलं की उदासी लांबते. म्हणून मी त्याची वही मागितली.

पहिल्या गाण्यात मुलीचं घरचं लाडकं नाव होतं, गल्ली होती, गाडीचा नंबर होता, आणि ध्रुवपदात 'खोटारडी'. हे गॅदरिंगला गायचं ठरलं होतं. इथं मी कडक झाले. तुझं दुःख तुझं आहे, त्यावर हवं तेवढं गा. पण सांगलीसारख्या गावात उद्या तिला कॉलेजात बोटं दाखवतील. तिनं नाही म्हटलं, त्याची शिक्षा तिला चारचौघांत द्यायची नाही. तो चिडला. "मग गाण्यात उरलं काय?" म्हणाला. मी म्हटलं, तू उरलास. खोली बंद होती तेव्हा तू काय करत होतास, ते लिही.

पुढच्या वेळी त्यानं चार ओळी आणल्या:

फोन बंद, खिडकी बंद,
पंखा तेवढा चालू.
आई दारात ताट ठेवून
म्हणते, नको बोलू.

आईला त्या त्यानंच वाचून दाखवल्या. ती माऊली एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुला ताटाचा आवाज बी येत नव्हता." पुढं बराच वेळ ती दोघं एकमेकांशी बोलली, मी मध्ये पडले नाही.

पालकांना मी काय बघायला सांगितलं? आवाज सोडा, शब्द बदलतायत का बघा. महिनोन्महिने तेच गाणं, तोच संताप, रात्ररात्र तिचं प्रोफाइल उघडणं, मित्रांना टाळून एकट्यानं वाजवणं, दारू सुरू होणं, असं दिसलं तर घेऊन या. नुसतं किंचाळतोय म्हणून गिटार माळ्यावर टाकू नका. तेवढ्यासाठीच तो घराबाहेर पडतोय. परीक्षेच्या महिन्यात प्रॅक्टिस फक्त रविवारी, आणि कधीही रात्री दहाच्या आत आवरायचं, हे बापलेकांनी आपसात ठरवलं.

मुलीच्या नावाचं गाणं गॅदरिंगला झालं नाही. ताटाचं झालं. एक विषय राहिलाय, त्याचा अभ्यास चालू आहे. ड्रमवाल्याला पुण्यात नोकरी लागल्यामुळं सध्या ते नवा ड्रमवाला शोधतायत, आणि वडिलांनी मिरजेतल्या ओळखीच्या तबलजीच्या मुलाचं नाव सुचवलंय.