हरहुन्नरी, चतुरस्र की बहुमाध्यमी?

प्रश्न असा आला: रंग, माती, धागा आणि व्हिडिओ या सगळ्यांत काम करणाऱ्या एका कलावतीच्या प्रदर्शनासाठी मराठी टिपण लिहायचं आहे. 'मल्टिडिसिप्लिनरी आर्टिस्ट'ला 'बहुविद्याशाखीय कलाकार' म्हटलं तर चालेल का?

नको. विद्याशाखा विद्यापीठात असतात. हातांनी घडणाऱ्या कामाला तो शब्द परका वाटतो.

आपल्याकडे जुने शब्द आहेत, पण प्रत्येकाचा रोख वेगळा. 'अष्टपैलू'तला पैलू फारसी 'पहलू'वरून आला. हा शब्द क्रिकेटने इतका वापरलाय की आधी बॅट-बॉलच आठवतात. 'चतुरस्र'मधलं 'अस्र' म्हणजे कोन. नाट्यशास्त्रातलं चतुरस्र नाट्यगृह चौकोनी असतं. (बरेच जण 'चतुरस्त्र' लिहितात, इथे अस्त्राचा काही संबंध नाही.) हा शब्द बुद्धीचा आवाका सांगतो, हाताखालच्या सामग्रीबद्दल बोलत नाही. माझा जीव 'हरहुन्नरी'त अडकलाय, कारण हुन्नर म्हणजे हातातलं कसब.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आठवा. घराणं मेस्त्रींचं, आणि 'मेस्त्री' हा शब्दही पोर्तुगीजातून आलेला, अर्थ उस्ताद. बाबूरावांनी नाटकांचे पडदे रंगवले, तैलचित्रं केली, शिल्पं घडवली, सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. एवढं करूनही लोकांनी नाव ठेवलं ते 'पेंटर', आणि तेच आडनाव झालं! त्यांच्यासाठी मी बेधडक 'हरहुन्नरी' लिहीन.

प्रदर्शनाच्या टिपणात मात्र त्यात कौतुक डोकावतं, आणि तुम्हाला हवी आहे साधी ओळख. तिथे 'बहुमाध्यमी' बरा. फक्त 'मिश्र माध्यम'शी गल्लत करू नका: एकाच चित्रात कोळसा, कापड, ॲक्रिलिक एकत्र आले तर ते मिश्र माध्यम, आज मातीचं भांडं आणि उद्या व्हिडिओ करणारी व्यक्ती बहुमाध्यमी. शैली बदलणं ही तिसरी गोष्ट. एकट्या तैलरंगातही दहा शैली हाताळता येतात.

आणि इंग्रजीत कलाकाराच्या एकूण कामाला 'प्रॅक्टिस' म्हणतात, त्याचं 'सराव' करू नका. सराव परीक्षेचा, रियाज गाण्याचा. चित्रकार एकमेकांना विचारतात, "सध्या काय काम चाललंय?" तोच शब्द घ्या: 'त्या माती, धागा, रंग आणि व्हिडिओ या माध्यमांत काम करतात.' एवढं लिहिलंत तर विशेषणाची गरजही उरणार नाही.