जुन्या फोनवर कस्टम रॉम आणि कर्नल टाकताना फोन कायमचा मरू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन पाच वर्षांचा, कंपनीचे अपडेट कधीच थांबलेत, आता लिनिएजओएस (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची अँड्रॉइडचीच दुसरी आवृत्ती, म्हणजे कस्टम रॉम) आणि त्यावर एखादा कस्टम कर्नल (प्रणालीचा हार्डवेअर चालवणारा गाभा) एकाच बैठकीत टाकायचाय, फोन कायमचा जाईल का, आणि बँकेचं ॲप चालेल का?

जाऊ शकतो, पण तुम्ही ज्या पायरीला घाबरताय तिथे सहसा जात नाही. बँकेचं ॲप चालेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि ते 'एकाच बैठकीत' तेवढं डोक्यातून काढून टाका.

मी सायनोजेनमॉड या जुन्या कस्टम रॉमच्या दिवसांपासून हा उद्योग करतोय. ते २०१६ च्या डिसेंबरात बंद पडलं आणि त्याचंच पुढे लिनिएजओएस झालं. एवढ्या वर्षांत फ्लॅश करताना, म्हणजे फोनच्या मेमरीत नवं सॉफ्टवेअर लिहिताना, अर्ध्यात अडकलेले फोन मोजायचं मी सोडून दिलंय. कायमचा मेला तो एकच, आणि तोही रॉम टाकताना नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

फोन बंद पडला की सगळे 'ब्रिक झाला', म्हणजे वीट झाला, म्हणतात. पण वीट कच्ची असते आणि पक्कीही. कच्ची वीट पाण्यात टाकली की परत माती होते. फोन लोगोवरच फिरत बसतो, चालू होत नाही, पण बटणं दाबून धरली की फास्टबूटचा, म्हणजे संगणकावरून फोनच्या मेमरीत लिहायच्या अवस्थेचा, पडदा येतो. ही कच्ची वीट. संगणकाला जोडा, मूळ फाइली परत टाका, तासाभरात फोन उभा राहतो. पक्की वीट म्हणजे बूटलोडरच, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रामच, गेलेला फोन. पडदा काळा, बटणांना दाद नाही. क्वालकॉमच्या चिपला त्याही खाली एक आपत्कालीन अवस्था असते, ईडीएल नावाची, पण तिच्यातून फोन उठवायला त्या फोनसाठी सही केलेली फाइल लागते आणि ती सहसा कंपन्या बाहेर देत नाहीत.

आता रॉम टाकताना नक्की काय बदलतं ते बघा. फोनच्या मेमरीचे बरेच कप्पे असतात. रॉम मुख्यतः सिस्टिम आणि बूट हे कप्पे लिहिते, कधी व्हेंडर हा ड्रायव्हरचा कप्पाही. बूटलोडरचा कप्पा वेगळा असतो आणि चांगली रॉम त्याला उगाच हात लावत नाही. म्हणून अर्ध्यात केबल निघाली, वीज गेली, फाइल खराब निघाली तरी बहुतेक वेळा वीट कच्चीच राहते. पक्की होते ती दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं आतलं सॉफ्टवेअर, घाईत टाकल्यावर. दोन फोन दिसायला आणि नावाला सारखे असतात, आतली चिप वेगळी असते. खोक्यावरचं नाव बघू नका, फोनचं सांकेतिक नाव बघा, आणि ते फाइलच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. लिनिएजची झिप फाइल चुकीच्या फोनवर टाकायला गेलात तर ती स्वतःच अडते. 'हे पॅकेज अमुक फोनसाठी आहे' असं सांगून थांबते. काही मार्गदर्शक तेव्हा झिप उघडून ती तपासणीची ओळ पुसायला सांगतात. अशा मार्गदर्शकाला तिथेच रामराम ठोका.

फोन कायमचा जाण्याचं दुसरं कारण म्हणजे जुन्या फर्मवेअरवर मागे जाणं. बूटलोडरमध्ये एक आकडा असतो, त्याहून जुनं फर्मवेअर तो चालू होऊ देत नाही. पिक्सेल ६ मालिकेत २०२२ साली अँड्रॉइड १३ सोबत गुगलने हा आकडा वाढवला आणि अँड्रॉइड १२ वर परतायची वाट बंद झाली. त्यामुळे 'जुन्या आवृत्तीवर बॅटरी चांगली चालायची' म्हणून डोळे झाकून मागे जाऊ नका.

तिसरं कारण माझं. एका फोनवर रॉम मस्त चालत होती. तो मला धाकट्या बहिणीला द्यायचा होता. देण्याआधी साफसफाई करावी म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समधलं ओईएम अनलॉकिंग, म्हणजे बूटलोडरचं कुलूप उघडू देणारं बटण, बंद केलं आणि मग, अनलॉक फोन द्यायला बरा वाटेना म्हणून, फास्टबूटमधून बूटलोडर परत लॉक केला. फोन सुरू झाला, लाल अक्षरांत सांगितलं की हे डिव्हाइस खराब झालंय, चालू होणार नाही, आणि बंद पडला. झालं असं की लॉक झालेला बूटलोडर प्रत्येक वेळी बूट कप्प्यावरची सही तपासतो. तिथे कंपनीची सही नव्हती, म्हणून तो चालू करेना. परत अनलॉक करावं तर त्याचं बटण मीच आतून बंद केलेलं, आणि आत जायला फोन चालू व्हायला हवा. स्वतःला खोलीत कोंडून किल्ली खिडकीतून फेकावी तसं. सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलायला सांगितला, मी फोन कपाटात ठेवला. कस्टम रॉम असेल तर बूटलोडर लॉक करू नका. पिक्सेलवरचं ग्राफीनओएस याला अपवाद आहे. तिथे रॉमची स्वतःची किल्ली बूटलोडरला दिलेली असते आणि लॉक करणं हा रीतसर पायऱ्यांचाच भाग आहे.

आता तुमच्या कामाकडे येऊ. बूटलोडर उघडण्याआधी दोन-तीन संध्याकाळी नुसत्या तयारीला द्या. कंपनीचं मूळ फर्मवेअर, तुमच्याच मॉडेलचं आणि फोनवर आत्ता असलेल्या आवृत्तीचं, आधी उतरवून ठेवा. परतीचं तिकीट हातात असल्याशिवाय निघायचं नाही. उतरवलेल्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिचा बोटाचा ठसाच, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली झिप हे अर्ध्या रडगाण्यांचं मूळ असतं. गुगल खातं फोनमधून काढा, नाहीतर पुसल्यावर फोन जुनाच पासवर्ड मागत बसेल. अनलॉक करायची सोय आहे का तेही आधी बघा. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ओईएम अनलॉकिंग दिसायला हवं. काही कंपन्या अर्ज करून कित्येक दिवस थांबायला लावतात, काही मुळीच उघडू देत नाहीत.

अनलॉक केलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. लोकांना हा कंपनीचा खोडसाळपणा वाटतो. पण तसं नसतं तर चोराने फोन उचलून स्वतःची रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीसाठीची वेगळी छोटी प्रणाली, टाकली असती आणि तुमच्या माहितीपर्यंत पोचायची त्याची अर्धी वाट मोकळी झाली असती. म्हणून फोटो, संपर्क, ओटीपीच्या ॲपमधल्या किल्ल्या आधीच बाहेर काढा. ओटीपीच्या किल्ल्या हमखास विसरतात, मीही विसरलोय.

काही गोष्टी मात्र परतही येत नाहीत. नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या सॅमसंग फोनमध्ये चिपवर एक फ्यूज असतो, कस्टम फाइल टाकली की तो उडतो. मग मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी खाजगी फाइलींचं सिक्युअर फोल्डर चालत नाही. बऱ्याच फोनवर अनलॉक केल्यावर वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची, पातळी एल-१ वरून एल-३ वर येते आणि सिनेमाची ॲप्स एचडी दाखवणं सोडतात. बँकेची ॲप्स गुगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन अस्सल आहे का. पूर्वी सेफ्टीनेट होतं, त्याला चकवणं सोपं होतं. आता उत्तर थेट चिपमधल्या किल्लीवरून जातं. मॅजिस्कवर, म्हणजे फोनवर पूर्ण सत्ता मिळवून देणाऱ्या साधनावर, नवनवे जुगाड निघतात, महिनाभर चालतात, एके सकाळी बंद पडतात. पैशाचा व्यवहार अशा जुगाडावर ठेवू नका. बँकेचं ॲप दुसऱ्या फोनवर ठेवणं जमत नसेल तर रॉमचा नाद सोडलेला बरा, हे मी कस्टम रॉमचा प्रेमी असूनही सांगतो.

एक कप्पा मात्र जिवापाड जपा. सॅमसंगवर त्याला ईएफएस म्हणतात, इतरत्र तो दोन-तीन कप्प्यांत विभागलेला असतो, त्यातला एक पर्सिस्ट. आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक, नेटवर्कची जुळणी, सेन्सरची मोजमापं तिथे असतात. तो प्रत्येक फोनचा स्वतःचा असतो, नेटवरून दुसऱ्याचा आणून चालत नाही. रिकव्हरीतून त्याची प्रत काढून संगणकावर ठेवा. एका मित्राने रिकव्हरीत दिसेल त्या चौकोनात खूण करून सगळं पुसलं होतं. फोन छान चालू झाला, फक्त सिमला ओळखेना. आता त्यावर तो गाणी ऐकतो.

प्रत्यक्ष फ्लॅश करणं हा यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. फोन चार्ज, केबल धड, संगणकाचा मागचा यूएसबी पोर्ट, बस. रिकव्हरी टाका, डेटा फॉरमॅट करा, एडीबी साइडलोडने, म्हणजे संगणकावरून आज्ञा देऊन केबलवाटे, झिप पाठवा. इथे एक गंमत होते. संगणकावर टक्के वाढत ४७ वर येतात आणि थांबतात. खाली ओळ येते की आज्ञा वाचता आली नाही, कारण: यशस्वी. पहिल्यांदा बघणारा इथेच घामाघूम होऊन केबल उपटतो. केबलला हात लावू नका. फोनचा पडदा बघा, तिथे काम नीट संपल्याचं लिहिलेलं असेल तर ते संपलेलंच आहे. गुगलची ॲप्स हवी असतील तर रॉम पहिल्यांदा चालू करण्याआधीच टाकावी लागतात. फोनला ए आणि बी असे दोन स्लॉट, म्हणजे प्रणाली ठेवायच्या दोन जागा, असतील तर मध्ये एकदा रिकव्हरी रीबूट करा, कारण नवी रॉम दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलेली असते आणि तुम्ही उभे असता जुन्यात.

रॉम चालू झाली की सेटिंगमध्ये सुरक्षा पॅचची ताजी तारीख बघून हरखून जाऊ नका. ती तारीख अँड्रॉइडची. मॉडेम आणि चिपचं फर्मवेअर कंपनीने शेवटचं दिलं तिथेच राहतं; लिनिएजमध्ये 'ट्रस्ट' या पानावर व्हेंडर पॅचची तारीख वेगळी दिसते, ती बघा. फोन सुधारतो, नवा होत नाही.

आता कर्नल. मुळात तुम्हाला तो का हवाय, हे प्रश्नात कुठेच नाही. रॉमसोबत कर्नल येतोच. वेगळा टाकायला एकेकाळी सबळ कारणं होती: वायरगार्ड हे व्हीपीएन हवं तर तो लागायचा, पण २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून वायरगार्ड मूळ लिनक्स कर्नलमध्येच आलं. पूर्वीचे सीपीयू गव्हर्नर, म्हणजे चिपचा वेग ठरवणारे, बावळट होते, ते बदलून खरंच फरक पडायचा. आताचा गव्हर्नर शेड्युटिल बऱ्यापैकी शहाणा आहे. 'बॅटरी दीडपट चालते' या दाव्यांतले बरेचसे दावे फोन पुसून रॉम नुकतीच टाकल्यामुळे, ॲप्स कमी असल्यामुळे असतात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं, पडद्याचे रंग जुळवणं, दोन टिचक्यांवर जागं होणं असं काही नेमकं हवं असेल तर टाका.

टाकायचाच तर रॉम आधी दोन आठवडे वापरा. दोन्ही एकदम टाकलंत आणि फोन तापायला लागला, तर दोष रॉमचा की कर्नलचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रॉमच्या झिपमधली बूट इमेज, म्हणजे बूट कप्प्यात जाणारी फाइल, काढून ठेवा. डीटीबीओ आणि व्हेंडर बूट या तशाच इमेज असतील तर त्याही, कारण आजकालचे कर्नल त्यांनाही हात लावतात. लूप लागला, म्हणजे फोन लोगोवरच फिरत बसला, की त्या जुन्या इमेज फास्टबूटने परत टाकायच्या, दोन मिनिटांचं काम. एकदा नवीन कर्नलवर माझं वायफाय चालूच होईना, बटण सरकवलं की परत मागे यायचं. लॉग उघडल्यावर दिसलं की वायफायचा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल होता, जुन्या कर्नलसाठी बांधलेला, आणि नव्या कर्नलने त्याची आवृत्ती जुळत नाही म्हणून त्याला दारातच अडवलं होतं. कर्नल अगदी बरोबर वागत होता, चूक बांधणाऱ्याची होती.

लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, म्हणजे जो कर्नल वाटतो त्याने मागणाऱ्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्यायलाच हवा. सोर्सचा दुवा नसलेला कर्नल मी टाकत नाही. फोनमधल्या प्रत्येक गोष्टीवर ज्याची सत्ता चालते ती वस्तू एका अनोळखी माणसाकडून घेतोय, निदान त्याने काय बदललंय ते तरी उघड असावं.

आणि कर्नलच्या ॲपमध्ये व्होल्टेज कमी करायचे सरकते पट्टे दिसले तर ते तसेच राहू द्या. मी एका चिपचं व्होल्टेज थोडं थोडं उतरवत नेलं होतं. दिवसभर गेम खेळून बघितला, कॅमेरा चालवला, काही झालं नाही. खुशीत झोपलो. रात्री फोनला काही काम उरलं नाही, सगळ्यात कमी वेगावर आला, तिथे ते व्होल्टेज पुरेना आणि तो गोठला. सकाळी पडदा काळा, पॉवरचं बटण दहा-बारा सेकंद दाबल्यावर जिवंत झाला. गजर साडेपाचचा होता, मी उठलो सव्वाआठला. गजराचं घड्याळ तेव्हापासून वेगळं ठेवलंय, सेलवर चालणारं.