जुन्या साड्या-शर्टांची गोधडी भिंतीवर लावण्यासारखी कशी करावी?

तुमच्याकडे आजीच्या चार-पाच सुती साड्या, वडिलांचे शर्ट आणि काही जुने पडदे आहेत. त्यांची हातशिलाईची गोधडी करायची आहे, ती ‘गावाकडची’ न दिसता शहरातल्या घरात भिंतीवर शोभायला हवी, आणि त्यासाठी पॅटर्न कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

पॅटर्न घेऊच नका. मी बरीच वर्षं जुन्या कापडावर काम करते आहे आणि माझं याबाबतचं मत पक्कं आहे. इंटरनेटवर मिळणारे पॅचवर्कचे आराखडे थानातल्या नव्या, कडक कापडासाठी असतात: चार इंचांचे चौकोन, पाव इंच शिवण, सगळं एका मापात. विरलेल्या साडीचे असे बारके तुकडे पाडले की दर शिवणीपाशी कापड आणखी कच्चं होतं. शिवाय ती साडी आजीची होती हेही कुणाला कळत नाही. काठ लांबच्या लांब राहू द्या, पदर अखंड राहू द्या. शर्टाचा खिसा उसवला की खाली मूळ रंगाचा गडद चौकोन निघतो, बाकीचा शर्ट उन्हाने फिका झालेला असतो. त्या चौकोनाइतकी सुंदर आकृती तुम्हाला मुद्दाम आखून काढता येणार नाही.

मात्र कात्रीला हात लावण्याआधी कापड नीट पारखा. प्रत्येक कापड खिडकीपाशी उजेडात धरा. जिथे जाळी दिसते तो भाग विरला आहे. मग दोन्ही हातांत धरून उभं-आडवं हलकेच ताणा. चर्रकन आवाज आला तर ते वरच्या थराला घेऊ नका, आत भरणीला चालेल. जुन्या रेशमी साड्या घडीवरच चिरतात, म्हणून घडीच्या रेघा आधी तपासा. धागा सुती आहे की मिश्र हे कळत नसेल तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. हे पाहायचं कारण असं की धुतल्यावर सूत आटतं, पॉलिएस्टर आटत नाही, आणि दोन्ही शेजारी शिवले तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. बनियन, टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून पहिल्या गोधडीत ते नकोच. सगळं कापड आधी धुऊन घ्या, आणि लाल, निळ्या, काळ्या रंगांवर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का तेही बघा.

आता ‘गावाकडची’ या शब्दाबद्दल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांची ही वस्ती. तिथल्या बायकांनी घरातल्या थंडीसाठी शेतातले फाटके कपडे, पिठाची पोती, जे हाती लागेल त्याच्या गोधड्या शिवल्या. मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी केली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी या कलासंग्रहालयात आहे. १९६६ मध्ये या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली, तेव्हा मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा असायचा आणि त्यात हाताला सुचेल तसं करायची मोकळीक उरत नसे. पण १९७२ मध्ये सिअर्स या अमेरिकी दुकान-कंपनीसाठी कॉर्डरॉयचे (उभ्या उठावदार रेघांच्या जाड सुती कापडाचे) उशांचे अभ्रे करण्याचं काम मिळालं आणि त्यातलं उरलेलं कापड घरोघर गेलं. त्या उरलेल्या कॉर्डरॉयच्या गोधड्या बघाच, नेमकेपणाने सांगायचं तर त्यांतले मोठे, थोडे वाकडे पट्टे बघा. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा लोकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. त्या बायका आपल्या आया-आज्यांसारखंच शिवत होत्या. बदलली होती ती बघणाऱ्याची जागा.

आपल्या जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या सिद्दी बायकांचं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात हा आफ्रिकी वंशाचा समाज राहतो आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी मिसळलेली आहे. त्यांची रीत नवशिक्यासाठी सगळ्यांत सोयीची. आधी तुकडे जोडून वरचा थर करायचा आणि मग थर शिवायचे, असे दोन टप्पे त्यात नसतातच. खाली जुनी साडी अंथरायची, एका कोपऱ्यापासून तुकडे कडा दुमडून ठेवत जायचे आणि धावदोरा घालत कडेकडेने फिरत मध्यावर यायचं. तोच टाका तुकडाही धरतो आणि थरही. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, त्याशिवाय गोधडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तुम्ही हीच रीत धरा असं मी म्हणेन. मापाची चूक पुढच्या तुकड्यात जिरून जाते.

तुमच्या साड्यांचं गणित सोपं आहे. साडेपाच मीटरची साडी लांबीत तीन घड्यांची केली की साधारण सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा तीन थरांचा पाया तयार होतो. भिंतीसाठी एवढं पुष्कळ झालं. पांघरायची असेल तर पाच-सहा थर हवेत. घरात एखादी नऊवारी असेल तर चार घड्यांमध्ये तिचे चार थर होतात आणि तशा दोन शेजारी जोडल्या की दोघांची वाकळ होते.

पाया जमिनीवर अंथरा, हाताने सुरकुत्या बाहेर काढा, कडांवर जड भांडी ठेवा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून टाचून घ्या. या पायरीला घाई करू नका. आपण कडेकडून मध्याकडे शिवतो, त्यामुळे आत अडकलेली सुरकुती पुढे ढकलली जाते आणि शेवटी मध्यावर फुगा येतो. दोरा सुताचाच घ्या, जुन्या कापडाला पॉलिएस्टरचा चिवट दोरा कापतो. हातभराहून लांब घेऊ नका, गुंता होतो. ओळींमध्ये एका बोटाचं अंतर ठेवलं की कापडाला बारीक लाटा येतात. त्या लाटांवर तिरकं ऊन पडलं की गोधडी किती वेगळी दिसते ते तुम्हीच बघाल. दोरा कापडाच्या रंगाचा घ्यायची गरज नाही. गडद शर्टावर पांढरा धावदोरा म्हणजे सरळ रेखाटनच. मशीन लांब जोड शिवायला वापरा, तेही मोठ्या टाक्यावर; बारीक टिपेने विरलेलं कापड त्या रेघेवर फाटतं.

टांगताना वर रिंगा किंवा खिळे नकोत, सगळा भार दोन-तीन जागी येऊन कापड ओघळतं. मागच्या बाजूला, वरच्या कडेखाली, चार इंच रुंद कापडी नळी पूर्ण रुंदीत शिवा. टाके फक्त मागच्या थरांत घ्या, म्हणजे पुढून दिसणार नाहीत. त्यातून पडद्याची दांडी घाला. समोर थेट ऊन येणारी भिंत टाळा. पावसाळ्यात काढून ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धोतरात गुंडाळा, सोबत वेखंडाचे तुकडे टाका आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी घाला.

शिवणकाम तुम्ही दुसऱ्या बाईकडून करून घेणार असाल तर तिच्या दिवसांचा हिशोब करून पैसे द्या. ‘जुन्याच तर साड्या आहेत’ म्हणून गोधडी शिवणाऱ्यांना फार कमी देतात, आणि याची मला खरंच चीड येते. कापड फुकट असलं तरी बोटं झिजतात ती तिची. मागच्या कोपऱ्यात साड्या-शर्ट कोणाचे, शिवलं कोणी आणि साल कोणतं, हे दोऱ्याने भरतकाम करून लिहा. पेनाने लिहू नका, धुण्यात शाई पसरते.