आठवड्याला 2,580 डॉलरची ऑफर आणि सांगलीचा हप्ता

पत्र थोडक्यात असं: तुम्ही टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये आयसीयू नर्स आहात. ग्रीन कार्ड आहे, अमेरिकेत आणणाऱ्या कंपनीचा करारही पूर्ण झालाय. पगार तासाला 46 डॉलर, आठवड्याला 36 तास. नवरा नोकरीत, मुलगा सहा वर्षांचा, घरावर कर्ज. शिवाय सांगलीत आईवडिलांसाठी घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता. आता एका एजन्सीने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या हॉस्पिटलचा 13 आठवड्यांचा करार देऊ केलाय, आठवड्याला 2,580 डॉलरचा. सध्याची नोकरी सोडून वर्षभर असे करार करावेत आणि सांगलीचं कर्ज फेडून टाकावं, असा तुमचा बेत. जाता जाता हेही लिहिलंय की ह्यूस्टनला हल्ली एका नर्सच्या वाट्याला तीन-तीन पेशंट येतात आणि तुम्ही थकलात.

आधी पैशाचं पाहू. 2,580 हा पगार नाही, दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे. तासाला 30 डॉलरप्रमाणे 1,080 डॉलर करपात्र पगार, आणि 1,500 डॉलर राहण्या-जेवणाचा भत्ता, ज्यावर कर नाही. तुमचा आजचा पगार 1,656 होतो. फरक 924 चा, 13 आठवड्यांचे 12,012. एजन्सीच्या रिक्रूटरने हाच आकडा तुमच्यापुढे ठेवला असणार.

तो आणखी वाढतोसुद्धा. करपात्र पगार 576 ने घटतो, त्यावरची सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांची 7.65 टक्के कपात वाचते. तुम्हा दोघांच्या उत्पन्नाला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कराचा वरचा टप्पा 22 टक्क्यांचा लागतो, तोही वाचतो. मिळून 171 डॉलर. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात आहे. तिथे कमावलेल्या पगारावर तुम्हाला अनिवासी म्हणून विवरणपत्र भरावं लागेल. नवऱ्याच्या ह्यूस्टनच्या पगारावर कॅलिफोर्निया कर घेत नाही, पण एकत्र विवरणपत्र भरलं की तुमचा दर ठरवताना तो पगार धरते. रिक्रूटरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे नसतं. हा कर आणि राज्याच्या अपंगत्व विम्याची कपात धरून आठवड्याला 55 डॉलर जातील. म्हणजे हातात 1,040 डॉलर जास्त. इथवर सगळं छान.

आता खर्च, तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून. सामानासकटची खोली महिना 1,700, म्हणजे आठवड्याला 392. दर तीन आठवड्यांनी ह्यूस्टनची फेरी, आठवड्याला 110. तिथलं वेगळं खाणंपिणं आणि गाडी, आणखी 110. नवरा एकटा असताना मुलाला शाळेनंतर सांभाळायला 180. तुमचा विमा सुटला की सगळे नवऱ्याच्या विम्यावर जाणार, त्याचा वाढीव हप्ता 90. बेरीज 882. उरले 158. त्यातून आजचं हॉस्पिटल तुमच्या निवृत्ती खात्यात 4 टक्के घालतं ते 66 डॉलर वजा करा. उरले 92.

आठवड्याला 92 डॉलर, आणि पगारी रजा साठणं बंद झालं ते यात धरलेलंच नाही. तेराही आठवडे एकही शिफ्ट रद्द न होता पार पडले तर 1,196 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर एक लाखाच्या थोडे वर. त्यातूनच कॅलिफोर्नियाच्या लायसन्सची फी आणि जाण्यायेण्याचा पहिला खर्च निघायचा आहे. सांगलीचं कर्ज असं फिटत नाही.

हीच ऑफर एखाद्या एकट्या मुलीला मी घे म्हणालो असतो. तिला मुलाच्या सांभाळाचे 180 नाहीत, दर तीन आठवड्यांचं विमान नाही.

दुसरीकडे हे पाहा. तुमच्याकडे 40 तासांनंतर दीडपट ओव्हरटाइम मिळतो असं तुम्हीच लिहिलंय. पंधरवड्यातून एकच जादा शिफ्ट घेतली तर चार तास 46 ने आणि आठ तास 69 ने, मिळून 736. कर जाऊन 518 च्या आसपास, म्हणजे आठवड्याला 259. घर न सोडता, जवळजवळ तिप्पट. 2025 ते 2028 या वर्षांत दीडपटीतल्या वरच्या अर्ध्या पटीवर फेडरल आयकरात वजावटही आहे, म्हणजे थोडं अधिकच सुटेल. नवऱ्याशी बोलून महिन्यातले कोणते दोन शनिवार द्यायचे ते ठरवा आणि ते पैसे थेट सांगलीच्या मुद्दलात टाका. बँक खात्यातून पाठवा. परदेशी पैसे पाठवण्यावरचा 2026 पासूनचा 1 टक्का कर रोख आणि मनीऑर्डरसारख्या मार्गांवर आहे, खात्यातून गेलेल्या पैशावर नाही.

पण तुम्ही थकलात हेही लिहिलंय, आणि थकलेल्या माणसाला जादा शिफ्ट घ्या म्हणून सांगणं सोपं आहे. नर्समागे किती पेशंट, याची मर्यादा कॅलिफोर्नियात कायद्याने ठरलेली आहे. 1999 चा कायदा, 2004 पासून अंमल. आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त दोन पेशंट. टेक्सासमध्ये अशी ठरलेली संख्या नाही. यासाठी जायचं असेल तर जरूर जा, माझी हरकत नाही. मात्र तेव्हा या फेरीला कमाई म्हणू नका. वर्षाचा बेत नको, एकच करार, आणि तो पुढच्या गोष्टी जमल्या तरच.

पहिली गोष्ट लायसन्स. टेक्सासचं बहुराज्य लायसन्स कॅलिफोर्नियात चालत नाही, एकमेकांचं लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात ते राज्य नाही. तिथल्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगकडे वेगळा अर्ज, बोटांचे ठसे, आणि शिक्षण भारतातलं असल्याने कॉलेजकडून थेट गेलेली अभ्यासक्रमाची कागदपत्रं. थिअरीचे तास, प्रात्यक्षिकाचे तास, विषयवार. तुमची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. कॉलेजच्या कारकुनाच्या टेबलावरून ती फाइल हलायला किती दिवस लागतील ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. भावाला किंवा एखाद्या मैत्रिणीला प्रत्यक्ष जाऊन पाठपुरावा करायला सांगा. लायसन्स हातात येईपर्यंत राजीनाम्याचा विषयही काढू नका.

दुसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी: भत्ता करमुक्त राहतो तो कामासाठी घरापासून लांब राहावं लागतं म्हणून. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, विचारतं, तुमचं करासाठीचं घर कुठलं? नवरा-मुलगा ह्यूस्टनला, कर्जाचा हप्ता चालू, दोन्हीकडे खर्च, त्यामुळे तुमची बाजू बरी आहे. ती पक्की करायची तर नोकरी पूर्ण सोडू नका. पीआरएन म्हणून, म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावतात त्या यादीत, नाव ठेवा आणि घरी आल्यावर एखादी शिफ्ट खरोखर करा. त्याच शहरात काम वर्षाहून जास्त चालेल असं ज्या दिवशी दिसू लागतं, त्या दिवसापासून भत्ता करपात्र होतो. कॅलिफोर्नियाचं वेगळंच: एका वर्षात नऊ महिन्यांहून जास्त तिथे राहिलात तर ते राज्य तुम्हाला रहिवासी गृहीत धरतं. 13 आठवड्यांचे तीन करार म्हणजे बरोबर नऊ महिने. तुमचा वर्षभराचा बेत दोन्ही रेषांवर जाऊन आदळतो. भत्ता करपात्र ठरला तर एका कराराच्या 19,500 डॉलरवर फेडरल कर आणि कपात मिळून 5,700 च्या वर जातात. खोलीच्या भाड्याची वजावट नोकरदाराला फेडरल करात मिळत नाही.

भत्ता जास्त, पगार कमी, याचा आणखी एक तोटा. निवृत्तीची सोशल सिक्युरिटी करपात्र पगारावर मोजतात. भारतातली तुमची नोकरीची वर्षं त्यात धरली जात नाहीत, दोन्ही देशांत तसा करार नाही. म्हणून इथली प्रत्येक वर्षाची नोंद तुमच्यासाठी मोलाची आहे.

करारात काय पाहायचं ते सांगतो. हमीचे तास 36 आहेत का, की हॉस्पिटल आठवड्याला एक शिफ्ट बिनपगारी रद्द करू शकतं? एक शिफ्ट रद्द झाली तरी खोलीचे 392 द्यावेच लागतात. तुम्ही आजारी पडलात तर भत्ता कापतात का? कापत असतील तर तो भत्ता कामाच्या तासांना बांधलेला आहे. अशाच भत्त्याबद्दल 2021 मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने एएमएन सर्व्हिसेस या नर्स पुरवणाऱ्या एजन्सीविरुद्धच्या खटल्यात ठरवलं की ओव्हरटाइमचा दर काढताना तो पगारात धरायचा. तुमचा दीडपट दर 30 डॉलरवरच काढणार का, हे रिक्रूटरला विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवर सगळेच ‘हो’ म्हणतात.

एजन्सीने भत्ता तसाच ठेवून तासाचा दर 38 केला, हमीचे तास लेखी दिले, आणि तुमच्या मॅनेजरने पीआरएनवर ठेवायला होकार दिला, तर मला पुन्हा लिहा. आकडे नव्याने मांडू. त्याआधी या आठवड्यात दोनच कामं करा: कॉलेजला कागदपत्रांसाठी ईमेल, आणि मॅनेजरला 13 आठवड्यांच्या बिनपगारी रजेबद्दल विचारणा. रजा मंजूर झाली तर राजीनाम्याचा प्रश्नच उरत नाही.