बोटीचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

सांगलीच्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. वय ६१, पेन्शन महिना ४६ हजार. मुलगी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला दोन वर्षं शिकली, आता तिला केंब्रिजला नोकरी लागली आहे. तिचा संसार सहा बॅगांत, वजन १३० किलो. विमानात जादा बॅगांचे पैसे फार, म्हणून नेदरलँड्सच्या हुक ऑफ हॉलंड बंदरातून ब्रिटनच्या हार्विचला जाणाऱ्या बोटीने सामान न्यायचा विचार आहे. हातभार लावायला हे दोघं नवरा-बायको १९ तारखेला इथून निघणार, मुलीबरोबर पलीकडे जाणार, चार दिवसांनी अ‍ॅमस्टरडॅमला परत येऊन ९ तारखेचं मुंबईचं विमान पकडणार. बोटीमुळे तीसेक हजार रुपये वाचतील का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य: 'खर्चाची तशी काळजी नाही, बँकेतल्या आर.एम.नी (रिलेशनशिप मॅनेजर) ६ लाखांची एफडी मोडून सात टक्के करमुक्त हमी असलेल्या योजनेत घालून दिली आहे. वर्षाला ६ लाख असे १० हप्ते, १५ वर्षांनी १ कोटी. बाँड (पॉलिसीचा कागद) २ तारखेला मेलवर आला.' बाकीच्या एफडी २८ लाखांच्या.

साहेब, काळजी इथेच आहे. बोट चुकली तर दुसऱ्या दिवशी दुसरी मिळते. पॉलिसी परत करायची तारीख चुकली तर ६ लाखांतला मोठा वाटा गेला म्हणून समजा.

पहिली गोष्ट, ही योजना म्हणजे एफडीचा भाऊ नव्हे, आयुर्विमा पॉलिसी आहे. विमा पॉलिसी पटली नाही तर कागदपत्रं हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. बाँड मेलवर आला तोच दिवस धरा, पोस्टाने येणाऱ्या प्रतीची वाट बघू नका. २ तारखेपासून ३० दिवस म्हणजे पुढच्या महिन्याची १ तारीख, आणि तेव्हा तुम्ही डेल्फ्टमध्ये बॅगा बांधत असाल.

आता हिशेब. वर्षाला ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार. तुमची पेन्शन ४६ हजार. म्हणजे घरात मिठाचा खडाही न आणता सगळी पेन्शन हप्त्यात घातली तरी हप्ता पुरा होत नाही. आर.एम. म्हणाले असतील, एफडीच्या व्याजातून भरा. २८ लाखांवर सात टक्क्यांनी व्याज येतं २ लाखाच्या आत, तेही कर कापायच्या आधी. उरलेले ४ लाख मुद्दलातून. दुसऱ्या हप्त्यानंतर एफडीत २४ लाख उरतात, चौथ्यानंतर १५, सहाव्यानंतर ५ लाखाला थोडे कमी. सातव्या हप्त्याला खात्यात ५ लाख आणि भरायचे ६. तुमचं वय तेव्हा ६७. त्यानंतर अजून तीन हप्ते, आणि कोटीचं तोंड बघायला आणखी नऊ वर्षं.

सात टक्क्यांचं काय? पहिला हप्ता कंपनीकडे १५ वर्षं राहतो, शेवटचा ६ वर्षं. सरासरी साडेदहा. सात टक्के दराने पैसे साधारण तेवढ्याच वर्षांत दुप्पट होतात. तुमच्या ६० लाखांचे सव्वा कोटीच्या आसपास व्हायला हवे होते. मिळणार १ कोटी. नीट मांडलं तर दर पाच टक्क्यांच्या आतच बसतो, ४.९ टक्के. '६० चे १०० झाले' हे ऐकायला छान वाटतं, कारण मध्ये किती वर्षं गेली ते कोणी विचारत नाही. शिवाय ६१व्या वर्षी माणसाच्या जिवाचा विमा महाग असतो आणि त्याची किंमत याच पैशातून जाते. मुलगी कमावती झाली, तुमच्या मागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. एवढ्या विम्याची तुम्हाला गरजच काय होती?

'करमुक्त' हेही खोटं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या रकमेतल्या नफ्यावर कर लागतो. करमुक्त राहते ती फक्त मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम. तुमचा हप्ता ६ लाख आहे. हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही. ठाऊक असूनही बोलला नसेल, तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. अर्ज बँकेकडे नव्हे, विमा कंपनीकडे करायचा. पॉलिसी क्रमांक, बाँड मिळाल्याची तारीख, 'फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करून हप्ता परत करावा' हे वाक्य, आणि कारण: सात टक्के हमीची योजना म्हणून विकली, दहा वर्षांच्या हप्त्यांची नीट कल्पना दिली नाही, करमुक्त असल्याचं सांगितलं. सोबत रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र. नोंदवलेल्या मेलवरून पाठवा आणि तीच प्रत कंपनीच्या शाखेत देऊन पोचीचा शिक्का तारखेसह घ्या. शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात.

बिघडतं ते नेहमी एकाच ठिकाणी. आर.एम. म्हणतो, 'काका, सोमवारी माझे साहेब येतात, मग बघू.' दुसऱ्या सोमवारी तो तुम्हाला दुसरी, 'याहून चांगली' योजना दाखवतो. तिसऱ्या सोमवारी मुदत संपते. त्याच्याशी बोलूच नका. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्याला 'हो हो' म्हटलं असेल, तरी फ्री लुकचा हक्क जात नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. परदेशात असताना इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, पैसे परत देताना कंपनी ओटीपी मागू शकते.

पैसे आले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. करपात्र आहे, पण हातात येतं, आणि आजपासून येतं. बाकीचे ४ लाख अडीअडचणीला एफडीत राहू द्या. जुन्या एफडी मुदतीआधी मोडायच्या नसतील तर एकेक पिकेल तशी वळवा.

आता बोट.

तुमच्या बेतातली पहिली अडचण वजनाची नाही, व्हिसाची आहे. तुमच्याकडे एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा (नेदरलँड्ससह युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच) आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनचा व्हिसा नसेल तर बोटीच्या चेक-इनलाच तुम्हाला थांबवतील. आणि तो असता तरी पलीकडे गेलात की शेंगेनचा एकुलता प्रवेश संपला, ९ तारखेच्या विमानासाठी अ‍ॅमस्टरडॅमला परत येता येणार नाही. ब्रिटनच्या व्हिसाला साधारण तीन आठवडे लागतात, आणि घाईने हवा तर माणशी ५०० पौंड वरून. सोडून द्या. तुम्ही दोघं हुकच्या धक्क्यापर्यंतच हमाल.

म्हणजे बोटीवर सहा बॅगा आणि मुलगी एकटी. पायी चढणाऱ्या प्रवाशाने आपलं सामान आपणच ओढायचं हे धरून चाला. बोटीवर वजनकाटा आडवा येत नाही, पण दोन हातांना मर्यादा असते: चाकांच्या दोन बॅगा आणि पाठीवर एक, मिळून ५०-५५ किलो. त्यापुढे प्रत्येक जिन्यापाशी एक बॅग मागे सोडून दुसरी आणायला जावं लागतं.

तेवढ्याच सामानाचा हिशेब करू. युरो शंभर रुपये धरतो. विमानाचं तिकीट ७० युरो, दोन बॅगांचे ४५ प्रमाणे ९०, लंडनच्या विमानतळावरून केंब्रिजची गाडी ३० युरो. झाले १९०. बोट आणि रेल्वे मिळून जे एकत्र तिकीट मिळतं ते ८० युरो धरा, रात्रीच्या बोटीवर केबिन सक्तीची, तिचे ६०. झाले १४०. फरक ५० युरो, पाच हजार रुपये. तीस हजार तुम्ही सहा बॅगा हवेत तरंगत नेऊन काढले होते.

तरीही मी बोटच घेईन, रात्रीची. दिवसाची बोट हार्विचला संध्याकाळी उशिरा लागते आणि केंब्रिजला पोचेपर्यंत रात्र होते. हार्विचहून मॅनिंगट्रीला गाडी बदलायची, बहुधा इप्सविचलाही. बॅगा घेऊन हे रात्री करण्यापेक्षा पहाटे उतरून केलेलं बरं. बोटीच्या एकत्र तिकिटावर केंब्रिज स्टेशन येतं का ते घेतानाच पाहून घ्या.

डेल्फ्टहून जायला सोपं आहे. रेल्वेने स्खीडाम सेंट्रम, तिथून मेट्रो बी मार्गाने हुक फान हॉलंड हाफेन. स्टेशनला लागूनच धक्का. सामानाची खरी कसरत स्खीडामला, रेल्वेच्या फलाटावरून मेट्रोकडे जाताना, आणि तिथे तुम्ही दोघं असाल. चेक-इन बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, म्हणून दोन तास हातात ठेवा. ओळखीच्या कोणाच्या गाडीतून जायचं ठरलं तर रात्री लागणारं सगळं वेगळ्या पिशवीत काढून घ्या, बोट निघाली की गाड्यांचा मजला कुलूपबंद होतो. भाड्याची व्हॅन स्वतः चालवायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा: नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्याचा भारतीय परवाना १८५ दिवसच चालतो.

उरलेल्या ७५ किलोंपैकी आधी तीस किलो काढून टाका. गादी, उशा, छापील नोट्स, प्रेशर कुकर. कुकर केंब्रिजला मिळतो. राहिलेले दोन खोके घरपोच पाठवणाऱ्याकडे द्या, खोक्याला ७० युरो धरा. पण त्याआधी मुलीने ब्रिटनच्या कर खात्याकडे स्थलांतराच्या सवलतीचा ऑनलाइन अर्ज करायचा. वर्षभर ब्रिटनबाहेर राहिलेल्या माणसाच्या, सहा महिने वापरलेल्या वस्तूंना ती मिळते. मंजुरीचा क्रमांक खोके पाठवणाऱ्याला द्यायचा असतो. तो नसेल तर तिच्या जुन्या कपड्यांवर २० टक्के व्हॅट आणि वर कंपनीची हाताळणी फी लागू शकते.

इथून तुम्ही तुपाची बरणी नेणार असाल तर नेऊ नका. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ खासगी सामानात चालत नाहीत, आणि तिथून ब्रिटनमध्ये न्यायलाही १२ एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. पेढे आणि श्रीखंडाच्या वड्याही त्यातच आल्या. मसाले, पापड, शेंगदाण्याची चटणी न्या. नारळ चालतो.