पायथॉनच्या इम्पोर्टला हात घालण्याआधी

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये आणणाऱ्या यंत्रणेच्या, कोडमध्ये सुधारणा करायची आहे म्हणालात, वाचून खरंच आनंद झाला. घाबरू नका. पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही यंत्रणा बहुतांशी पायथॉनमध्येच लिहिलेली आहे, इम्पोर्टलिब नावाच्या लायब्ररीत. सी ही भाषा येत नसली तरी ती वाचता येते.

आधी एवढंच पक्कं करा. इम्पोर्ट म्हटलं की सगळ्यात पहिल्यांदा 'सिस.मॉड्यूल्स' ही डिक्शनरी, म्हणजे आधी लोड झालेल्या मॉड्यूल्सची (कोडच्या फाइल्सची) नावानुसार यादी, पाहिली जाते. नाव तिथे सापडलं तर शोध संपला. नसेल तर फाइंडर मॉड्यूल शोधतो आणि लोडर त्याचा कोड चालवतो. गंमत अशी की मॉड्यूल डिक्शनरीत जातं ते कोड चालण्याआधीच! दोन मॉड्यूल्स एकमेकांना इम्पोर्ट करतात तेव्हा अर्धवट मॉड्यूल हाती लागतं, ते यामुळेच. हा क्रम एकदा कागदावर काढून बघाच.

नवे लोक हमखास अडकतात ते इथे:

- स्वतःच्या फाइलला 'रँडम.पाय' असं नाव देणं. मग पायथॉनसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या 'रँडम'ऐवजी तीच उचलली जाते.
- इम्पोर्टसाठीच्या जुन्या 'इम्प' मॉड्यूलवरून शिकणं. ते पायथॉन ३.१२ मध्ये काढून टाकलंय.
- इम्पोर्टलिबचा गाभा बदलून पायथॉन पुन्हा बिल्ड (सोर्स कोडपासून तयार) न करणं. तो इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे पायथॉन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आधीच गोठवून बसवलेला असतो, त्यामुळे जुनाच कोड चालत राहतो. यात माझे दोन दिवस गेले होते.

नेमस्पेस पॅकेज, लेझी लोडिंग वगैरे पुढचे विषय सध्या बाजूला ठेवा. पहिला बदल म्हणून एखादा एरर मेसेज स्पष्ट करा आणि सोबत त्याची टेस्टही लिहा.